हसनाबादच्या सोनूबाईचा लेप

हसनाबादच्या सोनूबाईला गाठ ओळखायला तीन बोटं पुरत. बाळंतीण दारात आली की ती तिला आतल्या खोलीत बसवायची, पदर बाजूला करायला लावायची, तीन बोटं छातीवर टेकवायची आणि डोळे मिटून घ्यायची. गाठ गरम असली, बोटाखाली सरकली, बाई कळवळून मागं झाली, की सोनूबाईचं कपाळ सैल पडायचं. "दुधाची हाय. तिसऱ्या दिशी उतरंल," म्हणायची. मग घरामागच्या उकिरड्यावर माजलेल्या धोत्र्याची चार पानं हळदीबरोबर पाट्यावर वाटून, तव्यावर कोमट करून लावायची. लावताना बजावत राहायची: धुऊन काढल्याबिगर लेकराला पाजू नको, ह्या हातानं डोळे चोळू नको, पोटात कणभर जाऊ देऊ नको, धोत्रा हाय तो. चौथ्या दिवशीही सूज राहिली तर ती पुन्हा लेप लावत नसे. भोकरदनच्या डॉक्टरकडं पाठवून द्यायची.

कधी कधी मात्र बोटांखाली गार, दगडासारखी, जागची न हलणारी गाठ लागायची. "दुखतं का?" विचारलं की बाई हसून "बिलकुल न्हाई" म्हणायची. तेव्हा सोनूबाई हात काढून घ्यायची. "ही माझ्यावाली न्हाई. घाटीत जा. उद्याच जा." औरंगाबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्याला सगळा मुलूख घाटी म्हणतो. पुष्कळ बायकांना राग यायचा. एवढ्या लांबून आलो आणि हिनं लेपसुद्धा लावला नाही, असं म्हणत त्या जायच्या.

हा फरक तिला सासूच्या मरणानं शिकवला होता. १९८१ साली सोनूबाईचं दुसरं बाळंतपण झालं. मूल दोन दिवसांत गेलं, दूध मात्र थांबेना. छाती लोखंडासारखी झाली, ताप चढला. सासूनं, चांगुणाबाईनं, हा लेप लावून तिला वाचवलं आणि लावता लावता शिकवलंही. पुढं दोन वर्षांनी चांगुणाबाईच्याच डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ आली. सासू म्हणाली, "लेप हाय की आपल्याजवळ." सोनूबाई आठ महिने रोज लेप लावत राहिली. सुपारीचं लिंबू झालं, लिंबू फुटलं, त्या खोलीत घरचं माणूस नाकाला पदर लावल्याशिवाय जाईनासं झालं. शेवटच्या पंधरवड्यात म्हातारी सुनेचा हात धरून म्हणायची, "अजून लाव, गुण येऊन राह्यला." ती गेली त्या दिवशी सोनूबाईनं पाटा विहिरीवर नेऊन तीनदा घासला आणि मनाशी ठरवलं की थंड गाठीला ह्या पाट्याचं काही लावायचं नाही.

पंधरा-सोळा वर्षं तिनं हे पाळलं. मधल्या काळात नवरा कडूबा गेला, मुलगा बद्रीनाथ हाताशी आला. गावातली सुईण चाँदबी तिची जिवाभावाची मैत्रीण. बाळंतीण बिघडली की चाँदबी स्वतः तिला घेऊन यायची आणि दाराशी बसून राहायची. सोनूबाईचं गावात नाव होतं ते एवढंच, दुधाच्या गाठीपुरतं.

१९९७ च्या पावसाळ्यानंतर जालन्याच्या एका कॉलेजातले गाडेकर सर लूना घेऊन हसनाबादला आले. शिवाजी गाडेकर, वनस्पतिशास्त्र शिकवायचे, पीएच.डी. करत होते. भोकरदन तालुक्यात कुठल्या रोगावर कुठला पाला वापरतात ते वहीत उतरवत गावोगाव फिरायचे. माणूस गोड बोलणारा. सोनूबाईला पहिल्याच भेटीत मावशी म्हणाला. जमिनीवर मांडी घालून बसला, दिलेला चहा प्याला.

"मावशी, हा लेप कशावर?"

"छातीच्या गाठीवर. दुधाच्या. दुसरी असती, दगडी, तिला चालत न्हाई. तिला घाटीत धाडते मी."

सरांनी मान हलवली आणि लिहिलं: धोत्रा, पाने, बाह्य लेप, स्तनातील गाठींवर. कुठल्या गाठी, ते लिहिलं नाही. सोनूबाईला वाचता येत नव्हतं. वहीत आपलं बोलणं उतरलं याचंच तिला अप्रूप वाटलं.

सरांनी एकतीस झाडांचे अर्क काढले. पानं सावलीत वाळवायची, भुकटी करायची, स्पिरिटात तासन् तास उकळून त्यातला गुण ओढून घ्यायचा, असं ते काम. हे अर्क पुण्याच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवर घालून बघायचे होते. वर्षभरानं, १९९८ च्या दिवाळीनंतर, ते पुन्हा आले आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या हातचा लेप तपासायचा आहे. पुण्याला चला. जाणं-येणं माझ्याकडं." सोनूबाईनं त्याआधी जालन्यापलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. ती पाटा घेऊन निघाली. सरांनी हसून पाटा घरी ठेवायला लावला.

पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत तिला चपला काढायला लावल्या, पांढरा कोट घालायला दिला. तिथल्या तरुण बाईंनी एक चपटी बाटली दाखवली. आत गुलाबी पाणी होतं, दुसरं काही दिसेना. मग त्यांनी तिला दुर्बिणीसारख्या यंत्रावर वाकायला सांगितलं. खाली फरशीवर सांडलेल्या साबुदाण्यासारखे गोल गोल ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते.

"ह्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी," बाई म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"परदेशातल्या एका बाईच्या. ती वारून तीस वर्षं होत आली. पेशी अजून वाढतात, जगभर वाटल्या जातात."

सोनूबाई यंत्रावरून उठली. मग म्हणाली, "ती गेली आणि हे जितं हाय."

त्यांनी तिला ताटली दाखवली. प्लॅस्टिकची, हातभर नाही, वीतभर, आणि तिच्यात ओळीनं लहान लहान वाट्या. प्रत्येक वाटीत पेशी घातलेल्या. काही वाट्यांत नुसतं पाणी, काहींत धोत्र्याचा अर्क, कमी-जास्त. दोन दिवसांनी वर एक रंग घालतात. पेशी जिवंत असल्या की वाटी जांभळी होते, मेल्या की पिवळीच राहते. नुसत्या पाण्याच्या वाट्या जांभळ्या होत्या. धोत्र्याच्या पिवळ्या.

"पंच्याऐंशी टक्के मेल्या," गाडेकर सर म्हणाले. "मावशी, तुमच्या पाल्यानं."

सोनूबाई ताटलीकडं बघत राहिली. "चांगल्या बी मेल्या काय ह्यानं?"

"म्हणजे?"

"चांगल्या पेशी. रोग नसलेल्या. त्यांच्यावर घातलं का हे?"

प्रयोगशाळेतल्या बाईंनी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "ते पुढच्या टप्प्यात."

"धोत्रा हाय तो," सोनूबाई म्हणाली. "तो चांगलं-वाईट बघत न्हाई. आन् मी तर वरून लावते. आतल्या गाठीपोतर जातोय कुठं?"

प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "हा प्रश्न बरोबर आहे, सर." सर हो हो म्हणाले आणि घड्याळ बघायला लागले.

परत आल्यावर डिसेंबरात राजूरची तुळजाबाई तिच्याकडं आली. वय छत्तिशीचं. राजूरच्या अर्ध्या बायकांची पोलकी तीच शिवायची. बोलायची भरभर, हसायची मोकळं. तिला चार महिन्यांपासून उजवीकडं गाठ होती. सोनूबाईनं बोटं ठेवली आणि लगेच उचलली.

"दुखतं?"

"न्हाई ना. म्हणून तर ध्यान गेलं न्हाई."

"घाटीत जा. उद्याच."

तुळजाबाई गेली. नवरा अप्पाराव तिला घेऊन गेला. तिथं सुईनं तपासलं, आठ दिवसांनी रोग सांगितला, छाती काढावी लागेल म्हणाले आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली. येताना तुळजाबाई मुद्दाम हसनाबादला उतरली. "तुम्ही पाठवलं म्हणून कळलं," म्हणाली. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "सोनूमाय, मी सगळ्यांची पोलकी मापात शिवते. माझ्यावालं कसं शिवू आता?"

"एका बाजूला कापूस घालून शिव. लेकरं वाढव," सोनूबाई म्हणाली. तिला हे बोलताना काही वाटलं नाही. गाठ कापून निघणार याचं तिला बरं वाटत होतं.

सव्वीस जानेवारीला जालन्याच्या कॉलेजात झेंडावंदनानंतर सोनूबाईचा सत्कार झाला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. प्राचार्यांनी तिला खुर्चीवर बसवलं. गाडेकर सरांनी भाषणात सांगितलं की आपल्या मातीतल्या एका निरक्षर माउलीच्या औषधानं कॅन्सरच्या पंच्याऐंशी टक्के पेशी मरतात. टाळ्या झाल्या. सोनूबाईला खाली बसलेल्या पोरींचे चेहरे दिसत होते, सगळ्या आपल्याकडंच बघताहेत असं वाटत होतं. तिला ते आवडलं. पुढं ती हे कबूल करायची. शाल खांद्यावर पडली तेव्हा मला लई आवडलं, म्हणायची.

दोन दिवसांनी एका पेपरात बातमी आली. भोकरदन तालुक्यातील सोनूबाईच्या लेपाने स्तनाच्या कॅन्सरचे पंच्याऐंशी टक्के रुग्ण बरे, असा मथळा होता. पेशींचे रुग्ण झाले होते. गाडेकर सरांनी बातमी वाचली, चूक ओळखली, आणि पेपरवाल्यांना कळवायचं ठरवलं. मग प्राचार्यांनी त्यांना बोलावून पाठ थोपटली, संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला, आणि सरांनी बातमीचं कात्रण फायलीत लावून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी हसनाबादच्या फाट्यावर जीपा थांबायला लागल्या. जाफराबादकडून, सिल्लोडकडून, पार बुलढाण्याहून बायका आल्या. सोनूबाई एकेकीला हात लावून बघायची आणि घाटीत जा म्हणायची. बायका हलत नसत. नवरे पेपर दाखवत. "पेपर खोटा हाय का? कॉलेजचे सर खोटे हायत का?" ती म्हणायची, "मी खरी हाय." लोक म्हणायचे, बाईला भाव चढला. एकीनं तर तिच्या दारातच पदर पसरला आणि तिथंच जेवण न करता दिवसभर बसून राहिली.

बद्रीनाथ तेव्हा तेवीस वर्षांचा होता. कुठल्याच कामावर तो टिकत नव्हता. गावानं त्याला कधी मोजलं नव्हतं, आणि आता परगावचे लोक त्याला बद्रीनाथभाऊ म्हणत होते. "माय, देत जाय ना," तो म्हणायचा. "लावल्यानं कुणी मरतंय का?"

"न लावता घाटीत गेली तर जगती. लावत बसली तर मरती. तुझी आजी बघितली न्हाई तू?"

"आजीच्या वक्ताला कुणी तपासलं व्हतं? आता तपासून राह्यले ना मोठे मोठे लोक."

हे तिच्या मनात घोळत राहायचं. खरंच असेल का? चांगुणाबाईचा लेप आपण नीट वाटला नसेल? पानं जून असतील? त्या पिवळ्या वाट्या तिनं स्वतः पाहिल्या होत्या. एवढी शिकलेली माणसं टाळ्या वाजवत होती, तर आपल्याच बोटांना काही कळत नसेल. अशा विचारांनी ती पोखरली जात होती, आणि नेमकी त्याच दिवसांत तुळजाबाई परत आली.

बरोबर अप्पाराव होता. तो बाहेर बद्रीनाथशी बोलत राहिला. आत तुळजाबाईनं सोनूबाईचे पाय धरले.

"तारीख परवाची हाय, सोनूमाय. मला कापू देऊ नका. तुमच्याजवळ हाय ना औषध. मला कामून देत न्हाई? मी काय वाईट केलं तुमचं?"

सोनूबाईनं तिला उठवलं, समजावलं, रागावली. तुळजाबाई रडायची थांबेना. शेवटी सोनूबाईनं पाटा घेतला. चार पानं वाटली, कोमट केली, आणि स्वतःच्या हातानं तिच्या उजव्या छातीवर लेप लावला.

"हे तुझ्या मनासाठी," ती म्हणाली. "गाठीसाठी न्हाई. परवा घाटीत जायचं. सांग, जाशील."

"जाईन."

"माझ्या गळ्याची आण घे."

तुळजाबाईनं गळ्याला हात लावून आण घेतली. पण ती घाटीत गेली नाही. बाहेर बद्रीनाथनं अप्पारावला लेप वाटण्याची रीत सांगितली होती, आणि दर आठवड्याला ताजी पानं पोचवायचं कबूल केलं होतं.

सोनूबाईला हे जूनमध्ये कळलं. राजूरला गणपतीच्या चतुर्थीच्या बाजाराला गेलेली चाँदबीची सून सांगत आली की तुळजाबाई शिवणाचं मशीन चालवत नाही, उजवा हात सुजलाय. सोनूबाई आणि चाँदबी दोघी राजूरला गेल्या. अप्पारावनं त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं.

"गुण येऊन राह्यला," तो म्हणाला. "मऊ पडली गाठ."

सोनूबाई आत गेली. गाठ मऊ पडली नव्हती, वरची कातडी फाटायला आली होती. काखेतही तीन लहान गाठी हाताला लागल्या. चांगुणाबाईच्या खोलीतला तो वास अजून आला नव्हता, पण तिला तो आल्यासारखाच वाटला.

"तू आण घेतली व्हती," ती म्हणाली.

तुळजाबाई म्हणाली, "तुम्हीच तर लावलं, सोनूमाय. पहिल्यांदा तुम्हीच लावलं. मला वाटलं, तुम्हाला मनातून ठावं हाय."

चाँदबीनं अप्पारावला हात जोडले. "भाई, जल्दी ले जाव इसको. अब भी ले जाव." त्यांनी नेलं. घाटीत डॉक्टरांनी सांगितलं, आता कापून उपयोग नाही, फार उशीर झाला. जखम धुवायची पट्टी दिली, दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं.

त्या वर्षात दुसरं काय काय झालं ते पेपरात आलं नाही. जाफराबादकडची एक बाई लेपापेक्षा रस गुणकारी म्हणून धोत्र्याची पानं कुटून प्याली. दोन दिवस तिला खाटेला बांधून ठेवलं. ती भिंतीवरचे नसलेले उंदीर धरत होती म्हणे. वाचली, पण पुढं तिला नीट बोलता आलं नाही.

सोनूबाई आठवड्यातून दोनदा राजूरला जायची. तुळजाबाईची जखम कोमट पाण्यानं धुवायची, कापूस बदलायची. सासरची माणसं तिला अडवत नव्हती, कारण दुसरं कुणी त्या खोलीत जायला तयार नव्हतं. तुळजाबाई तिच्याशी बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "माझ्या मधल्या लेकीच्या छातीला हात लावून बघत जा दरसाली. पण लेप लावू नका." २००० च्या एप्रिलात, उन्हं तापलेली असताना, ती गेली.

दहावा झाला आणि अकराव्या दिवशी राजूरहून दोन जीपा भरून माणसं हसनाबादला आली. मारुतीच्या पारावर सोनूबाईला बोलावलं. अप्पाराव काही बोलेना, त्याची बहीण दुर्गाबाई बोलत होती. हिनं माझी भावजय मारली. कापायची तारीख ठरली होती, हिनं थांबवलं. हिला शाल पाहिजे होती, नाव पाहिजे होतं.

"मी घाटीत जा म्हणले व्हते," सोनूबाई म्हणाली. "सगळ्यांनाच म्हणते. इचारा गावाला."

गाव पाराभोवती उभं होतं. कुणी काही बोललं नाही. मग दुर्गाबाईनं बद्रीनाथला विचारलं, "तू सांग. पानं कोण पोचवत व्हतं?"

बद्रीनाथनं आईकडं पाहिलं नाही. "मी पोचवली. पण पहिला लेप मायनंच लावला. तिच्या हातानं. तिनं लावला म्हणून मी दिली."

यात खोटं काहीच नव्हतं. दुर्गाबाईनं घरून आणलेली पितळी वाटी काढली. तुळजाबाईच्या उशाशी राहिलेला शेवटचा लेप पाण्यात कालवून तिनं तो आणला होता. "हे घे तुझं औषध," म्हणाली, आणि दोघींनी सोनूबाईचे हात धरले, तिसरीनं तो हिरवा-पिवळा चिखल तिच्या तोंडावर, कपाळावर, डोळ्यांत चोळला. बायका चोळत होत्या आणि पुरुष बघत होते. चाँदबी गर्दी फोडून आत आली तेव्हा सोनूबाई पारावर बसली होती आणि कुठला हात कुणाचा ते तिला कळत नव्हतं.

चाँदबीनं तिला घरी नेऊन घडाभर पाण्यानं डोळे धुतले. चार दिवस सोनूबाईला उजेड सोसला नाही, माणसांच्या जागी नुसते डाग दिसले. त्या चार दिवसांत बद्रीनाथ तिच्यासमोर आला की नाही, ते तिला सांगता येत नव्हतं.

त्यानंतर तिच्याकडं कुणी येईना. दुधाची गाठ झालेल्या बायकाही येईनात. पावसाळ्यात गावातल्याच एका कोवळ्या बाळंतिणीची छाती भरली. सोनूबाई आपणहून गेली, तर सासूनं दार लावून घेतलं. पोरीला पू झाला, ताप डोक्यात गेला, दोन महिने ती औरंगाबादला पडून होती. बाळ वरच्या दुधावर जगलं नाही.

२००१ साली गाडेकर सर आले. आता नावाआधी डॉक्टर लागलं होतं. लूनाच्या जागी मोटारसायकल होती. पेढे आणले होते. सोनूबाईनं पेढा घेतला आणि मुठीत धरून ठेवला.

"मावशी, तुमचे आभार मानलेत प्रबंधात. नाव छापलंय."

"चांगल्या पेशींवर घातलं का?"

सर थोडे अडखळले. "घातलं. मागच्याच वर्षी."

"मंग?"

"त्याही मेल्या. तितक्याच. म्हणजे तो अर्क विषारी आहे, निवड करत नाही. तसं लिहिलंय मी, शेवटच्या प्रकरणात, पुढील संशोधनाची गरज आहे म्हणून."

"पेपरात सांगितलं का?"

"आता जुनं झालं ते, मावशी. कोण वाचणार?"

"राजूरची तुळजाबाई मेली."

"ऐकलं मी. वाईट झालं." सर खरंच ओशाळले होते. खाली बघत पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. जरा वेळानं वही काढली. "मावशी, तुम्ही मागं काविळीच्या एका पाल्याचं बोलला होता. तेवढं सांगता का?"

"मला काही ठावं न्हाई," सोनूबाई म्हणाली आणि आत निघून गेली. पेढा तिनं चुलीत टाकला.

लोक विसरले, तेही फार लवकर. दीड वर्षात बद्रीनाथनं राजूरला गणपतीच्या रस्त्यावर पत्र्याची टपरी टाकली. अंगारकीला तिथं मुंगी शिरायला जागा नसते. प्लॅस्टिकच्या लहान डब्यांत लेप, वर छापील कागद: हसनाबादच्या सोनूबाईचा लेप. मागं काचेत जुन्या पेपरचं कात्रण लावलेलं. सोनूबाईला कळलं तशी ती एका चतुर्थीला गेली आणि टपरीच्या फळीला टेकून उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणाली, "घेऊ नको. घाटीत जा." दोघी-तिघी थबकल्या, डबा परत ठेवला. पुढच्या चतुर्थीलाही ती गेली, आणि त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्यांदा बद्रीनाथनं तिला टपरीच्या मागं नेलं. "माय, तू सगळं आयुष्य लोकांना फुकट लावत राह्यली. काय भेटलं तुला? तोंडाला चोळून गेले लोक. आता मला करू दे."

"तू मारून राह्यला त्यांना."

"लोक मरायचे ते मरतात."

आठ दिवसांत त्यानं तिला वडीगोद्रीला तिच्या भावाकडं नेऊन सोडलं. गावात सांगितलं, मायचं डोकं ठिकाणावर नाही, डोळ्यांत ते गेल्यापासून अशीच करते. भाऊ पुंजाराम भला माणूस. औरंगाबाद-बीड रस्त्याला त्याचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. त्यानं बहिणीला मागच्या बाजूला खाट टाकून दिली. ती कांदे चिरायची, मिरच्या निवडायची. चाँदबी वर्षातून एकदा बसनं यायची. २००३ मध्ये तिच्या सुनेचा निरोप आला की चाँदबीही गेली.

२००४ च्या हिवाळ्यात, अंगारकीच्या दुसऱ्या दिवशी, जालन्याकडून आलेल्या जीपमधून एक जोडपं उतरलं. पुढची गाडी मिळेपर्यंत हॉटेलात बसलं. बाई पस्तिशीची असेल. उजवा हात अंगापासून जरा दूर धरून बसली होती. सोनूबाई विळी बाजूला सारून उठली आणि तिच्याजवळ गेली.

"बाई, नाव काय तुझं?"

"उषाबाई."

"काखेत अवघडून राह्यलं का? गाठ हाय?"

उषाबाई दचकली. मग ओळखीचं हसली, बायका बायकांशी हसतात तशी. "हाय ना. पण दुखत बिलकुल न्हाई. राजूरहून औषध आणलं." तिनं पिशवीतला डबा दाखवला.

"बघू," सोनूबाई म्हणाली, आणि तिथंच, भिंतीकडं तोंड करून, पदराखाली तीन बोटं टेकवली. एवढ्या वर्षांनीही बोटं चुकली नाहीत. "ह्यानं काही व्हत न्हाई. लहान हाय अजून, निघंल. आजच घाटीत जा. गाडी इथूनच भेटती."

नवरा चहाचा कप ठेवून उठला. "तुम्ही कोण?"

"मी सोनूबाई. हसनाबादची. डब्यावर नाव हाय ते माझं हाय."

नवऱ्यानं डबा बघितला, मग तिला बघितलं. कांद्यानं लाल झालेले डोळे, फाटका पदर, अनवाणी पाय. त्याला हसू आलं. गल्ल्यावरून पुंजाराम म्हणाला, "पाव्हणं, मनावर घेऊ नका. डोक्यानं जराशी गेलीय. येणाऱ्या समद्या बायांना अशीच म्हणती." तो हे वाईट बुद्धीनं म्हणाला नाही. गिऱ्हाईक बावरू नये एवढंच त्याच्या मनात होतं.

"मावशी, तुम्ही तब्येतीला जपा," उषाबाई म्हणाली आणि तिच्या हातावर प्रसादाचा मोदक ठेवला.

तेवढ्यात जीप आली. सोनूबाई गाडीच्या खिडकीपर्यंत गेली, काच वर होईपर्यंत म्हणत राहिली, घाटीत जा, लहान हाय, आजच जा. जीप औरंगाबादच्या बाजूला वळली नाही. शहागडच्या बाजूला वळली, आणि साखर कारखान्याच्या उसाच्या गाड्यांमागं दिसेनाशी झाली.

सोनूबाई त्यानंतर चार वर्षं जगली. रोज हॉटेलच्या दाराशी बसायची आणि उतरणाऱ्या बायकांच्या हातांकडं बघायची. तिचं ऐकून दोघी घाटीत गेल्या असं तिची भावजय सांगते. कोण होत्या, कुठल्या गावच्या, ते तिला आठवत नाही.